बोट थांबणार नाही : क्रूझच्या सहली घ्याव्यात की आपलं आपण फिरावं?

आम्ही भूमध्य समुद्रातली सात रात्रींची क्रूझ करून आलो, तेव्हापासून सोसायटीत कुणाचं क्रूझचं बुकिंग झालं की माझा फोन वाजतो. "वहिनी, जहाजाच्या त्या सहली घ्यायच्या का हो? फार महाग दिसतायत." मी विचारते, "कुठल्या बंदरात?" पलीकडे जरा शांतता. बहुतेकांना अख्ख्या क्रूझचा निकाल एकदाच लावून टाकायचा असतो. घेतल्या तर सगळ्या सहली, नाहीतर एकही नाही. माझं म्हणणं इतकंच, की हा निर्णय बंदरागणिक वेगळा घ्यायचा. आम्ही पाच बंदरांत तीन वेगवेगळ्या पद्धतींनी फिरलो. एका ठिकाणी साफ चुकलो, त्याबद्दल पुढे सांगतेच.

पहिल्यांदाच जाणार असाल तर आधी गणित समजून घ्या. क्रूझचं जहाज साधारण रात्री चालतं, सकाळी बंदराला लागतं आणि संध्याकाळी सुटतं. तिकिटात केबिन, जेवणखाण आणि जहाजावरची करमणूक येते. बंदरात उतरल्यावर काय करायचं ते तुमचं तुम्ही बघायचं. जहाज कंपनी बसच्या सहली विकते, त्यांना शोअर एक्स्कर्शन म्हणतात, आणि त्यांचे पैसे वेगळे. त्या घ्यायलाच हव्यात असं अजिबात नाही. केबिनचं कार्ड दाखवून कुणीही शिडी उतरून शहरात जाऊ शकतं. आपल्याकडच्या टूर कंपनीबरोबर गटाने जाणार असाल तर फिरणं बहुतेक वेळा पॅकेजमध्येच असतं, तेव्हा हा लेख न वाचता बॅग भरायला घ्या.

आधी बंदराचं खरं नाव शोधा

माहितीपत्रकात 'रोम' छापलेलं असतं. रोमला समुद्र आहे कुठे? जहाज लागतं चिवितावेक्कियाला. तिथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर, म्हणजे पुणे-लोणावळ्यापेक्षा लांब. 'फ्लॉरेन्स' लिहिलंय तिथे लिव्होर्नो वाचायचं, पुढे नव्वदेक किलोमीटर. 'पॅरिस' म्हणजे ल आव्र, जवळजवळ दोनशे किलोमीटर. आग्नेय आशियात 'बँकॉक' म्हणजे लाएम चाबांग आणि 'क्वालालंपूर' म्हणजे पोर्ट क्लांग. व्हेनिसची तर वेगळीच गंमत आहे. १ ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना शहराच्या मध्यावरच्या सान मार्को चौकासमोरून जायला बंदी आहे, त्यामुळे 'व्हेनिस' लिहिलेली काही जहाजं प्रत्यक्षात राव्हेन्नाला लागतात, आणि तिथून व्हेनिस बसने दोन-अडीच तासांवर.

उलट नेपल्स, जेनोआ, मार्सेय (आपलं मार्सेलिस), बार्सिलोना ही खरीच बंदराची शहरं. नेपल्सला तर शिडी उतरलात आणि रस्ता ओलांडलात की समोर किल्ला.

म्हणून पहिलं काम हे. बुकिंगच्या कागदावरच्या प्रत्येक बंदरापुढे दोन आकडे लिहा : धक्क्यापासून जिथे जायचंय त्या ठिकाणाचं अंतर, आणि तिथे जायला लागणारा वेळ. निम्मा निर्णय इथेच होतो.

मग तास मोजा, आणि चिकटपणे मोजा

वेळापत्रकात 'सकाळी ७ ते संध्याकाळी ७' असं असतं. आपण म्हणतो, वा, बारा तास! रोमच्या दिवसाचा आमचा हिशेब बघा. जहाज सातला लागलं तरी बंदराची परवानगी मिळून माणसं उतरायला वेळ जातो, आणि आधी जहाजाच्या सहलीवाले उतरतात. आम्ही आठला खाली आलो. बंदराची मोफत शटल बस लार्गो देल्ला पाचे नावाच्या थांब्यापर्यंत सोडते, तिथून दुसरी बस स्टेशनला. पावणेनऊ. नऊच्या सुमाराची गाडी मिळाली, दहाला रोममधल्या सान पिएत्रो स्टेशनवर उतरलो. आता परतीकडून उलटं मोजा. 'सर्वांनी जहाजावर' ही वेळ साडेसहा. जहाज सातला सुटतं, पण दार साडेसहाला बंद होतं हे लक्षात ठेवायचं. मी स्वतःला घालून घेतलेला नियम असा, की लांबच्या शहरातून आलो तर बंदराच्या गावात दोन तास आधी पोहोचायचं. म्हणजे साडेचारला चिवितावेक्किया आणि तीन-सव्वातीनला रोम सोडायचं. बारा तासांचे हातात राहिले पाच.

पाच तासांत रोम होत नाही. सेंट पीटर चर्च, तिथून चालत नदी ओलांडून पियात्सा नाव्होना हा चौक आणि पँथिऑन हे प्राचीन देऊळ, मध्ये एक जेवण. एवढंच होतं, आणि तेवढं पुरतं. कोलोसियमही आतून बघायचं, व्हॅटिकनची संग्रहालयंही करायची असं कुणी म्हणायला लागलं की मी त्यांना जहाजाची सहलसुद्धा सुचवत नाही. रोमला वेगळे तीन दिवस काढा म्हणते.

चुकलं तर काय होईल?

जहाजाच्या सहलीचे जास्तीचे पैसे खरे तर याच एका गोष्टीसाठी मोजायचे. त्यांची बस रस्त्यात अडकली तर जहाज थांबतं, आणि थांबणं शक्यच नसलं तर कंपनी तुम्हाला पुढच्या बंदरात स्वखर्चाने पोहोचवते. तुम्ही आपले आपण गेलात आणि उशीर झाला, तर बोट कुणासाठी थांबत नाही. गावातली शेवटची एसटी सुटल्यासारखंच, फरक एवढाच की पुढची एसटी दुसऱ्या देशात मिळते आणि तिकीट विमानाचं असतं.

दुसरा फायदा लोकांच्या लक्षात येत नाही. हवामान बिघडलं आणि जहाजाने बंदरच गाळलं, तर जहाजाच्या सहलीचे पैसे परत मिळतात. तुम्ही बाहेर ठरवलेल्या गाडीचे, काढलेल्या तिकिटांचे मिळतीलच असं नाही. म्हणून बाहेर काही ठरवताना 'जहाज आलंच नाही तर' ही अट आधी वाचायची. बंदरातल्या प्रवाशांवरच धंदा करणारे स्थानिक टूरवाले सहसा ती मान्य करतात, आणि वेळेत जहाजावर पोहोचवण्याची हमीही लेखी देतात. लेखी नसेल तर हमी नाही, असं समजा.

लहान होड्यांनी किनाऱ्यावर नेणारी बंदरं आणखी वेगळी. ग्रीसमधल्या सांतोरिनी बेटाला मोठं जहाज धक्क्याला लागत नाही, समुद्रात उभं राहतं. होडीने जुन्या बंदरात उतरायचं आणि तिथून वर 'फिरा' नावाच्या गावात जायला केबल कार, खेचरं किंवा ५८८ पायऱ्या. एका दिवशी तीन-चार जहाजं असली की संध्याकाळी खाली येणाऱ्यांची केबल कारची रांग बघून धडकी भरते. जहाजाची सहल घेतलीत तरी उतरताना अनेकदा त्याच रांगेत उभं करतात, हे बुकिंग करताना विचारून घ्या.

आणि जिथे स्वतः फिरायची सोयच नाही अशीही बंदरं असतात. मुंबईहून लक्षद्वीपला जाणाऱ्या क्रूझवर हा प्रश्नच उद्भवत नाही. तिथे परवान्याशिवाय प्रवेश नाही, त्यामुळे जहाजवाले नेतील तसंच जायचं. त्याच क्रूझवर गोव्याला मात्र खुशाल टॅक्सी करा. फक्त उतरायचं मुरगावला असतं, पणजीला नाही, हे ध्यानात असू द्या.

पैसे : माणशी नको, गाडीमागे मोजा

रोमची मार्गदर्शकासह सहल आम्ही गेलो तेव्हा माणशी शंभर युरोंच्या वर होती. चौघांचे झाले चाळीस हजार रुपये, तेही एका दिवसाचे. आमचं काम रेल्वेच्या दिवसभराच्या पासात झालं. या पासाला तिकडे 'बिर्ग' म्हणतात. माणशी १२ युरोंच्या आसपास पडला, आणि त्यात साध्या गाडीचं जाणं-येणं, शिवाय रोममधली मेट्रो आणि बस. जलद गाड्यांना हा पास चालत नाही. कागदी तिकीट असेल तर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्यायचा. तिकीट खिशात असूनही शिक्का नसेल तर दंड होतो, आणि "आम्हाला माहीत नव्हतं" हे तिकिट तपासनिसाने आधी पुष्कळदा ऐकलेलं असतं.

मधला रस्ताही असतो, आणि आपल्याकडच्या एकत्र कुटुंबांना तोच सगळ्यात सोयीचा. सहा-आठ जण असाल तर बंदरावर येणारी आठ आसनी गाडी चालकासकट दिवसभरासाठी ठरवा. माणशी खर्च जहाजाच्या सहलीपेक्षा बहुतेक वेळा कमी येतो, आणि कुणाला कधी बाथरूमला जायचं असेल तर गाडी थांबते. दोनच माणसं असतील तर मात्र हा हिशेब जमत नाही.

चौथा प्रकार जहाजाच्याच यादीत तळाशी दडलेला असतो. नुसती नेण्या-आणण्याची बस, बाकी तुमचं तुम्ही फिरा. मार्गदर्शक नाही, तिकिटं नाहीत, पण परतीची हमी जहाजाचीच. फ्लॉरेन्ससाठी मी आता डोळे मिटून हाच पर्याय सुचवते. का, तर ऐका.

लिव्होर्नो : आम्ही कुठे चुकलो

सासूबाई त्या दिवशी जहाजावरच थांबल्या होत्या. आदल्या दिवशी रोमला चालून त्यांचे गुडघे बोलायला लागले होते. आम्ही दोघं आणि दीर, असे तिघं रेल्वेने फ्लॉरेन्सला गेलो. थेट गाडी, सव्वा ते दीड तास, एकदम छान. मुख्य चर्चच्या घुमटासमोर उभं राहून फोटो, पोंते व्हेक्कियो पुलावर सोनारांच्या काचा बघणं, तीन वाजता स्टेशनवर हजर. लिव्होर्नोच्या थेट गाडीला अर्धा तास होता. समोरच्या फलाटावर एक गाडी सुटायच्या बेतात होती. नवऱ्याने फोनवरचा नकाशा पाहिला. "ही लुक्कामार्गे जाते. लुक्काच्या पुढे पिसाच आहे की, आणि पिसाच्या पुढे लिव्होर्नो. इथे बसून काय करायचंय?"

चढलो. गाडी प्रातोला थांबली, पिस्तोयाला थांबली, मग मोन्तेकातिनी, मग नावं वाचायचंही आम्ही सोडून दिलं. दीड तासाने लुक्का. तिथे पिसाच्या गाडीसाठी वीस मिनिटं फलाटावर येरझाऱ्या. पिसाला पुन्हा गाडी बदलली. लिव्होर्नो स्टेशनवर पावणेसहाला उतरलो आणि टॅक्सीवाल्याला जहाजाचं कार्डच दाखवलं. तो घड्याळाकडे बघून हसला. रोज असली गिऱ्हाइकं बघत असावा. शिडीवर चढलो तेव्हा ६ वाजून १२ मिनिटं झाली होती. वर डेकवर सासूबाई कठड्याला धरून उभ्या. बाजूच्या टेबलावर चहाचे चार कप, त्यातले तीन गार. त्या काही बोलल्या नाहीत. नवऱ्याने "आई, गाडी जरा..." म्हणून सुरुवात केली तर त्यांनी कप त्याच्याकडे सरकवला.

अर्धा तास वाचवायला गेलो आणि दीड तासाच्या प्रवासाला तीन तास लागले. तेव्हा आपलं आपण जाणार असाल तर परतीची गाडी सकाळीच ठरवा, तिच्या आधीचीही एक हेरून ठेवा, आणि ऐनवेळी हुशारी करू नका. थेट गाडी उशिराची असली तरी तीच. आणखी एक, लिव्होर्नोहून फ्लॉरेन्सच करायला हवं असं कुठे आहे? पिसा रेल्वेने वीसेक मिनिटांवर आहे. कललेला मनोरा बघून, त्याला टेकू दिल्याचे फोटो काढून दुपारी निवांत परत या. पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी हेच सांगते आणि बहुतेक कुणी ऐकत नाही.

बरोबर कोण आहे, ते विसरू नका

जहाजाच्या सहलीतही चालणं असतंच. प्रत्येक सहलीपुढे चालण्याची पातळी चिन्हांनी दाखवलेली असते, ती खरी मानायची. आम्ही नेपल्सजवळच्या पॉम्पेईला सासूबाईंसाठी म्हणून जहाजाची सहल घेतली. छातीवर १७ नंबरचा स्टिकर, कानात यंत्र, बसमध्ये पन्नासेक माणसं. मार्गदर्शक बाई एक वाक्य इंग्रजीत सांगायची, मग तेच इटालियनमध्ये, मग स्पॅनिशमध्ये. तिसऱ्या भाषेपर्यंत आपण पुढच्या घराशी पोहोचलेलो. मध्येच शंख-शिंपल्यांवर कोरीवकाम करणाऱ्या एका दुकानात पाऊण तास गेला, आणि पॉम्पेईला मिळाला जेमतेम दीड तास. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेलं अख्खं शहर, रस्त्यातल्या दगडांवर गाड्यांच्या चाकांच्या खाचा अजून दिसतात, आणि आमच्या नशिबी दीड तास. पण सासूबाईंच्या दृष्टीने बघाल तर बस दारात आली, दारात सोडलं, कुठे रांग नाही, जिने नाहीत. त्या खूश होत्या. दुकानातून त्यांनी एक ब्रोचही घेतला.

चालणारी माणसं असाल तर नेपल्सहून पॉम्पेई स्वतः करणं सोपं आहे. बंदरासमोर म्युनिचिपिओ मेट्रो स्टेशन, तिथून गारिबाल्दी, आणि खालच्या मजल्यावरून चिर्कुमव्हेझुव्हियाना नावाची लोकल. उतरायचं 'पॉम्पेई स्काव्ही – व्हिल्ला देई मिस्तेरी' या स्टेशनवर. नुसतं 'पॉम्पेई' लिहिलेलं स्टेशन वेगळं, ते गावात आहे. स्काव्हीला उतरलं की प्रवेशद्वार समोरच. नोव्हेंबर २०२४ पासून तिथे दिवसाला २०,००० माणसांचीच मर्यादा आहे आणि तिकिटावर नाव लागतं, तेव्हा तिकीट आधीच ऑनलाइन काढा आणि ओळखपत्र जवळ ठेवा. आत सावली जवळपास नाही. टोपी आणि पाणी न घेता जुलैत गेलात तर दुपारी माझी आठवण काढाल. लोकलमध्ये पाकीट पुढच्या खिशात, पाठीवरची सॅक पोटावर. मुंबईकरांना हे शिकवायला नको, पण सुट्टीवर गेल्यावर मुंबईकरही विसरतात.

आणि पॉम्पेई नको असेल तर नेपल्स शहर तरी पायी हिंडा. अरुंद गल्ल्या, वर दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे, हॉर्न, आरडाओरडा. गिरगावातल्या माणसाला दहा मिनिटांत घरच्यासारखं वाटतं. शाकाहारी असाल तर मार्गारिटा पिझ्झा आहेच. इथे जहाजाची 'शहर दर्शन' सहल घेणं म्हणजे दादर स्टेशनबाहेर उभं राहून शिवाजी पार्कला जायला टूर बुक करणं.

वार, सुट्टी, संप

एवढं ठरलं की कॅलेंडर उघडा. तुमचं जहाज त्या बंदरात कुठल्या वारी लागतंय? व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद असतात, महिन्यातला शेवटचा रविवार सोडून. बुधवारी सकाळी पोपची सभा असली तर सेंट पीटरमध्ये दुपारपर्यंत जाता येत नाही. फ्लॉरेन्सची उफ्फिझी आणि अकादमिया ही संग्रहालयं सोमवारी बंद. जहाजाची सहल असली की हे त्यांनी बघितलेलं असतं. आपलं आपण फिरणाऱ्याने आपणच बघायचं. सेंट पीटरमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात. पंजाबी ड्रेस घालून जाणाऱ्या आपल्या बायकांची इथे सोय होते आणि हाफ पँट घातलेले नवरे दारात अडकतात.

इटलीत रेल्वेचे संप होतात आणि ते आधी जाहीर होतात. 'शोपेरो' हा शब्द पाठ करा आणि निघण्याच्या आदल्या आठवड्यात शोधा. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळात ठरावीक गाड्या सोडाव्या लागतात. पण क्रूझवाल्याला परतीची गाडी हवी असते दुपारी तीनला, नेमकी मधल्या वेळेत. संपाचा दिवस निघाला तर चर्चा न करता जहाजाची बस घ्या.

उतरायच्या दिवशी

आदल्या रात्री केबिनमध्ये दुसऱ्या दिवसाचा कागद येतो किंवा ॲपवर दिसतो. त्यात दोन गोष्टी असतात, दोन्हींचा फोटो काढा : सर्वांनी जहाजावर परतण्याची वेळ, आणि त्या बंदरातल्या जहाजाच्या एजंटचा फोन नंबर. एजंट म्हणजे जहाजाचा त्या गावातला माणूस. उशीर होतोय असं दिसलं की आधी त्यालाच फोन करायचा.

जहाजाची वेळ आणि गावातली वेळ एकच असेल असं धरून चालू नका. इटली, फ्रान्स, स्पेनच्या फेरीत ती एकच असते. ग्रीस मात्र इटलीच्या एक तास पुढे आहे, आणि तिथे जहाजाने घड्याळ बदललं की नाही हे विचारून घ्यावं. मोबाइल आपोआप वेळ बदलतो, म्हणून मी हातात साधं घड्याळ घालते आणि ते जहाजाच्या वेळेवर ठेवते. मोबाइलबद्दल आणखी एक. समुद्रात तो जहाजाच्या उपग्रह नेटवर्कला जोडला गेला तर बिल घरच्या कर्जाच्या हप्त्याएवढं येऊ शकतं. धक्का सोडताच एअरप्लेन मोड. नकाशे जहाजावरच्या वायफायवर किंवा घरूनच उतरवून घ्या.

पासपोर्टचं नीट समजून घ्या, कारण आपल्या लोकांना इथे खरी भीती असते. काही कंपन्या चढतानाच पासपोर्ट जमा करून घेतात. मग तुम्ही पासपोर्टची प्रत आणि केबिनचं कार्ड घेऊन फिरता. तसं असेल तर बोट चुकणं म्हणजे परक्या देशात पासपोर्टशिवाय उभं राहणं, आणि या एका कारणासाठी मी लांबच्या शहरांबाबत जास्त भित्री आहे. व्हिसा काढतानाही बघा. जहाज मध्ये शेंगेनबाहेरच्या देशात, तुर्कस्तानात किंवा माँटेनिग्रोत वगैरे जाऊन परत येणार असेल तर शेंगेन व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा हवा. प्रवास विम्यात 'जहाज चुकलं तर' हे कलम आहे का तेही बघून घ्या. पुष्कळ स्वस्त पॉलिसींत ते नसतं.

बुफेतली फळं, सँडविच पिशवीत भरून खाली नेऊ नका, मनाई असते. आपल्या बंद पाकिटातल्या खाकऱ्यांना सहसा कुणी हरकत घेत नाही. रोममध्ये पाणी विकत घ्यायची गरज नाही. रस्तोरस्ती 'नासोनी' नावाचे लोखंडी नळ आहेत, पाणी गार आणि पिण्याचं. बाथरूमसाठी स्टेशनवर युरोचं नाणं लागतं. त्यापेक्षा कॉफीच्या दुकानात काउंटरशी उभं राहून एक एस्प्रेसो घ्यावी आणि आत जाऊन यावं. खुर्चीत बसलात तर त्याच कॉफीचे पैसे वाढतात.

मार्सेय, जिथे आमची सहल कुठल्याच यादीत नव्हती

शेवटी मार्सेयबद्दल. जहाजाच्या यादीत एक्स-आँ-प्रोव्हाँसची सहल होती, लव्हेंडरच्या साबणाची होती, नोत्र दाम द ला गार्द या टेकडीवरच्या चर्चची होती. सासूबाईंना हवं होतं ते तिथे नव्हतं. ८ जुलै १९१० रोजी याच बंदरात 'मोरिया' बोटीच्या गोल खिडकीतून सावरकरांनी समुद्रात उडी घेतली, पोहून धक्का गाठला, आणि फ्रेंच भूमीवर त्यांना पकडून पुन्हा इंग्रजांच्या हवाली केलं गेलं. प्रकरण पुढे हेगच्या लवादापुढे गेलं, आणि २४ फेब्रुवारी १९११ चा निकाल इंग्रजांच्या बाजूने लागला. हे सगळं त्या शाळेपासून ऐकत आलेल्या. "बंदर तरी बघू," म्हणाल्या.

क्रूझची जहाजं लागतात तो धक्का शहराच्या उत्तरेला, जुन्या बंदरापासून सात-आठ किलोमीटरवर आहे. आजूबाजूला मालवाहू गोद्या, चालत बाहेर पडण्यात अर्थ नाही. जहाजाची शटल बस पैसे देऊन घेतली, ती जोलिएतजवळ सोडते. तिथून सासूबाईंचा हात धरून सावकाश चालत, जुन्या किल्ल्याला वळसा घालून, व्ह्यू पोर या जुन्या बंदरावर आलो. सकाळची मासळी विकणाऱ्या बायका टेबलं आवरत होत्या. वर तो आरशाचा मोठा छप्पर, त्यात खाली चालणारी माणसं उलटी दिसतात. सासूबाई पाण्याच्या कडेला दगडी बाकावर बसल्या आणि बराच वेळ नुसत्या पाण्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "खिडकी केवढी असेल रे?" नवऱ्याने हातांनी गोल करून दाखवला. "एवढ्यातून?"

कुठलीही पन्नास माणसांची बस तिथे एवढा वेळ थांबली नसती. आम्ही तासभर बसलो, मग दोन क्रेप घेतले, एक साखर-लिंबाचा आणि एक चॉकलेटचा. शटलचा शेवटचा फेरा साडेचारचा होता. लिव्होर्नोनंतर आम्ही साडेतीनचाच पकडला.